चिंचेनं वास जातो

जाळं बाप्यांचं आणि विळी बायांची, अशी आमच्या भोयांच्या घरात कामाची सरळ वाटणी होती. वडील पहाटे होडीतून येत, मासळीची पाटी ओट्यावर ठेवत आणि आंघोळीला जात. तिथून पुढं मासा आईचा. तो कसा कापायचा, त्यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं, कुणाच्या ताटात कुठली तुकडी पडायची, यात घरातल्या कुणीही बोलायचं नाही.

आईचा एक क्रम होता आणि तो कधी मोडला नाही. आधी चुलीतली राख माशाला चोळायची, म्हणजे बुळबुळीतपणा जातो आणि मासा हातातून निसटत नाही. मग शेपटीकडून डोक्याकडं खवलं ओढायची. मग कल्ले उपटायचे. मग पोट फाडायचं, पण पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही. फुटली तर सगळं कालवण कडू. आतडी, काळीज सगळं उकिरड्यावर. काही माशांच्या पोटात आतून काळा पातळ पडदा असतो, तो नखानं खरवडून काढायचा. "ह्यो ऱ्हायला की तोंडाची चव गेली," असं ती म्हणायची. मग तीन पाण्यांनी धुवायचं, मीठ-हळद लावायची आणि वर चिंचेचा कोळ. अर्धा तास तसंच झाकून ठेवायचं. गाभोळी तेवढी पोरांसाठी बाजूला काढलेली असायची.

कालवणाचं मडकंही वेगळं होतं. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली असली तर त्यात चिंचेचं काही शिजवायचं नाही, हा दुसरा नेम. दारावर कल्हईवाला आला की आई हातातलं काम टाकून भांडी बाहेर काढायची. का, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. आंबट पितळेत कळकतं आणि पोट बिघडतं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. पुढं मी शाळेत विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा कळलं, की आंबटानं पितळेतलं तांबं सुटून अन्नात उतरतं आणि कथलाचा तो पातळ थर त्याला अडवतो. म्हणजे माझ्या पुस्तकातला धडा आमच्या चुलीपुढं आधीच होता.

ही सगळी रीत वाहत्या भीमेची. त्या भीमेत वाळू दिसायची. मरळ, वाम, शिंगटा, आहेर, कानस, खवली, असे मासे लागायचे आणि पाटीतला मासा बघून म्हातारी माणसं तो कुठल्या डोहातला ते सांगायची. माणसं नदीचंच पाणी प्यायची. माशाला लागलेली घाण म्हणजे चिखल, शेवाळ, फार तर एखादा किडा. त्या घाणीला राख, मीठ, हळद, चिंच आणि चुलीवरचा जाळ एवढं पुरत होतं.

१९८० साली उजनीचं धरण पुरं झालं आणि नदीचा जलाशय झाला. आमचं गाव वर सरकलं, जुनं पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी हटलं की पळसदेवचं देऊळ उघडं पडतं तशी आमची जुनी जोतीही दिसतात. धरणानं आम्हा भोयांची शेती नेली नाही, कारण ती आमच्याकडं फारशी नव्हतीच. उलट पाणी वाढलं तशी मासळी वाढली. भिगवणला मोठा बाजार उभा राहिला, लिलाव सुरू झाले, बर्फाच्या पेट्या लांबलांबच्या शहरांना जाऊ लागल्या. आमच्या पिढीची शिक्षणं त्यावर झाली. माझंही झालं. हे आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढं जे लिहिणार आहे ते या पाण्याच्या उपकाराला विसरून लिहिलेलं नाही.

पण जे पाणी आलं ते एकटं आलं नाही. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या सगळ्यांचं पाणी शेवटी भीमेतून आमच्याकडं उतरतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवड वाढत गेली तसं त्यांचं सांडपाणीही वाढलं, वाटेवर कारखाने आले, दोन्ही काठांना ऊस आला आणि उसाबरोबर खतं-औषधं आली. वाहत्या नदीतून जे पुढं निघून गेलं असतं ते धरणात साठू लागलं. मार्च-एप्रिलात पाणी हिरवंगार होतं, काठाला साय धरावी तसा थर धरतो, आणि त्यात हात घातला तर खाज सुटते. जुने मासे एकेक करून जाळ्यातून कमी झाले. उरला तो मुख्यतः चिलापी. हा मूळचा आफ्रिकेचा. १९५२ साली त्याची एक जात या देशात आणली, मग आणखी आल्या. कसल्याही पाण्यात राहतो, शेवाळ खातो, गाळ उपसतो, भराभर वाढतो. आईनं त्याला कधी मासा म्हटलंच नाही. "पाण्यातला उंदीर" म्हणायची.

चिलापी घरात आला तेव्हा पहिली तक्रार वासाची. उन्हाळ्यातल्या माशाला ओल्या मातीचा, कुबट असा वास येई. आईनं चिंच दुप्पट केली आणि वास गेला. यात मला फार दिवस काही विशेष वाटलं नव्हतं. नंतर वाचलं तेव्हा तिचं कौतुक वाटलं. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो, तो ज्या पदार्थाचा असतो त्याला जिओस्मिन म्हणतात. पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि काही सूक्ष्म जीव तो तयार करतात, माशाच्या कल्ल्यांतून तो आत शिरतो आणि चरबीत, कातडीत बसतो. आंबट लागलं की जिओस्मिनचं रूप बदलतं आणि नव्या रूपाला वास नसतो. चिंच काय, आमसूल काय, लिंबू काय, सगळ्यांचं काम तेच. आईनं प्रयोगशाळा पाहिली नव्हती, पण हा प्रयोग ती रोज करत होती.

तिच्या बाकीच्या क्रमाकडं मी मग नव्यानं पाहू लागलो. हिरव्या पाण्यातल्या काही शेवाळांत विषं असतात. ती उकळून मरत नाहीत, कारण ते जीव नव्हेत, रसायनं आहेत. माशाच्या अंगात ती सगळ्यात जास्त कुठं साठतात, तर आतड्यांत आणि काळजात. आई ती फेकत होती. कॅडमियम नावाची धातू काळीज आणि मूत्रपिंड धरून बसते. तेही फेकलं जात होतं. शिसं हाडांत, खवल्यांत, कल्ल्यांत जातं; कल्ले आणि खवलं जात होती. माशाच्या मांसाला जिथं जिथं पाण्याची घाण भिडते, नेमकं तेवढं ती काढत होती. तिला एवढंच माहीत होतं, की मासा आत जे गिळतो आणि ज्यातून श्वास घेतो ते खायचं नसतं.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. आजीबाईंच्या शहाणपणाचे गोडवे गाणारे लेख इथंच थांबतात. मलाही थांबता आलं असतं, पण तीन वर्षांखाली माझी भाची चार महिन्यांची गरोदर असताना महिनाभर आजोळी राहायला आली.

पहिलटकरीण, अंगात रक्त कमी. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी अंडी, डाळी, मासे खायला सांगितलेले. आईला तर निमित्तच हवं होतं. आमच्यात अशक्त माणसाला, बाळंतिणीला मरळ देतात. जखम लवकर भरते, अंगात ताकद येते, हा पिढ्यांचा अनुभव. मरळ आता दुर्मिळ, पण आईनं निरोप धाडले आणि चांगली हातभर लांबीची, जिवंत मरळ मिळवली. हवेतूनही श्वास घेते म्हणून ती हंड्यात दोन दिवस राहिली. नातीला दाखवत आई म्हणाली, "ही बघ, जुनी हाय. लई वरसं खाल्लेली. असल्या मरळीचा रस पोटात गेला की पोर पैलवान व्हतंय."

माझ्या मनात "जुनी" आणि "लई वरसं खाल्लेली" हे दोन शब्द अडकून बसले.

त्याच वर्षी मी नववीच्या वर्गाला अन्नसाखळी शिकवत होतो. पारा पाण्यात पडतो. कोळशाच्या राखेतून, धुरातून, फुटलेल्या ट्यूबलायटींतून, कारखान्यांतून. तळाच्या गाळात, जिथं हवा नसते तिथं, काही जिवाणू त्याचं मिथिल पारा नावाचं रूप करतात. हे रूप जिवाच्या अंगात शिरतं आणि सहज निघत नाही. शेवाळात कणभर, शेवाळ खाणाऱ्या किड्यात थोडा जास्त, किडे खाणाऱ्या बारक्या माशात आणखी जास्त, आणि बारके मासे खाणाऱ्या मोठ्या माशात सगळ्यात जास्त. मासा जितका मोठा, जितका म्हातारा, जितका शिकारी, तितका त्याच्या अंगातला साठा मोठा. मरळ शिकारी आहे. चिलापी मुख्यतः शेवाळावर जगतो आणि लवकर वाढून लवकर जाळ्यात येतो.

म्हणजे पाऱ्यापुरतं बोलायचं तर आमच्या घरातली सगळी प्रतिष्ठा उलटीपालटी होत होती. पाण्यातला उंदीर त्यातल्या त्यात बरा आणि पाटलीणबाईसारखी मिरवणारी मरळ संशयाची.

आणि पाऱ्यावर आईची एकही युक्ती चालत नाही. तो आतड्यात नसतो, कातडीत नसतो, चरबीतही नसतो. तो मांसाच्या प्रथिनाला घट्ट धरून असतो. राख चोळा, मीठ लावा, चिंचेत ठेवा, उकडा, तळा, भाजा, तो तिथंच. उलट तळल्यावर पाणी उडतं आणि मासा आक्रसतो. समजा पावशेर माशात पन्नास कण आहेत आणि तळून तो मासा दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम भरला, तरी कण पन्नासच. घासागणिक ते वाढले, घटले नाहीत. वाळवलेल्या मासळीत तर हे आणखी दाट होतं, कारण ओल्या माशाच्या शंभर भागांत जवळजवळ पाऊणशे भाग पाणी असतं आणि उन्हात जातं ते पाणीच. हंड्यात दोन दिवस उपाशी ठेवलेल्या मरळीचं पोट रिकामं होतं, मातीचा वास कमी होतो, पारा तसाच.

जपानची गोष्ट शाळेच्या पुस्तकांत असते ती मिनामाताची. १९५६ साली तिथल्या खाडीकाठच्या कोळ्यांत हा आजार उघड झाला. आधी मांजरं वेडीवाकडी नाचून मेली होती, कारण मासे तीही खात होती. पण मला जास्त जवळची वाटते ती त्यानंतरची, निगाताची. ती १९६५ ची. तिथं खाडी नव्हती, आगानो नावाची नदी होती. कारखाना वर, आणि मासे खाणारी गावं खाली. त्या नदीकाठच्या लोकांच्याही घरात मासा साफ होतच असणार, स्वच्छ धुतलाही जात असणार. या आजाराची सगळ्यात दुखरी गोष्ट मिनामातानं जगाला दाखवली. आईला फारसं काही झालेलं नसताना पोटातलं मूल मेंदूनं अधू जन्माला आलं. मिथिल पारा वारेतून पलीकडं जातो.

आमच्या पाण्याची आणि त्या पाण्याची बरोबरी मी करत नाही. तिथं कारखान्याच्या नळातून वर्षानुवर्षं पारा सुटत होता. पण भाचीच्या ताटात काय वाढायचं हे ठरवायला मला एवढं कळणं पुरेसं होतं, की पारा असेल तर तो चुलीवर मरत नाही आणि ज्याला धोका आहे त्याचा अजून जन्म झालेला नाही.

आईला हे सांगायचं कसं, हा खरा पेच. मी रात्री ओट्यावर बसून विषय काढला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "वास येतूय का त्याला?"

"न्हाई."

"चव?"

"न्हाई."

"रंग?"

"तो पण न्हाई."

"मग बाईमाणसानं त्यो वळखायचा कसा?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आजही नाही. जिला नाक, जीभ आणि बोटं एवढीच हत्यारं आहेत, तिच्यापुढं आपण असं काहीतरी आणून ठेवलं आहे जे नाकाला, जिभेला, बोटाला लागत नाही. चिंचेनं वास जातो. ज्याला वासच नाही त्याला चिंच काय करणार?

भाची मधेच म्हणाली, "मामा, म्हंजे मी मासं खायचंच न्हाई का? डॉक्टरीणबाई तर खा म्हनल्यात."

खायचं. हे मला ठामपणे सांगता आलं आणि त्यानं घरातला ताण सैल झाला. माशासारखं पचायला हलकं प्रथिन आमच्याकडच्या गरिबाला दुसरं कुठलं परवडतं? पोटातल्या मुलाच्या मेंदूला माशाची चरबीही लागते. प्रश्न मासा खावा की नाही हा नसून कुठला खावा, किती मोठा आणि किती वेळा, हा आहे. एका जेवणानं माणसाला पारा बाधत नाही, सवयीनं बाधतो. अंगात गेलेला मिथिल पारा साधारण दीड-दोन महिन्यांत निम्मा होतो, म्हणजे रोज मोठा शिकारी मासा खाणाऱ्याचा साठा वाढत राहतो आणि खाणं बदललं तर उतरतोही. मोठी मरळ, मोठी वाम, मोठा शिंगटा हे पोटुशीनं आणि दूध पाजणारीनं टाळावेत, लहान पोरांना देऊ नयेत. रोहू, कटला, चिलापी मध्यम आकाराचे घ्यावेत, आणि बारकी मासळी सगळ्यात बरी.

मग चरबीचा विषय निघाला आणि तिथं आईशी खरी लढाई झाली. काही विषं पाऱ्याच्या उलट, चरबीत मुरणारी. डीडीटी त्यातलं आमच्या सगळ्यांच्या ओळखीचं. हिवतापाच्या फवारणीचे पांढरे डाग भिंतींवर आठवतात. १९८९ साली ते शेतीत वापरायला बंदी झाली, पण ते मातीत आणि गाळात फार वर्षं टिकतं. जुन्या ट्रान्सफॉर्मरांच्या तेलातली पीसीबी नावाची रसायनंही तशीच. यांच्यावर मात्र स्वयंपाकाची मात्रा चालते. कातडी काढली, पोटाकडची चरबी आणि पाठीकडचा तपकिरी पट्टा कापून टाकला, आणि चरबी गळून जाईल असा मासा भाजला किंवा उकडला, तर यांचं प्रमाण निम्म्यापर्यंतही खाली येतं. तळणीचं तेल पुन्हा वापरायचं नाही, कारण चरबीतलं काही त्यात उतरलेलं असतं. जाळावर भाजताना करपवायचं नाही. चरबी निखाऱ्यावर पडून जो काळा धूर माशाला बसतो त्यात वेगळं विष तयार होतं. आणि कालवण केलं तर वरचा तवंग काढून टाकायचा.

"तर्री काढून टाकायची?" आई ताडकन उठून बसली. "मग कालवनात ऱ्हायलं काय? पानीच की!"

आम्ही सगळे हसलो. पण तिचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. गरिबाच्या घरी एका माशात आठ माणसं जेवतात ती तर्रीवरच. तुकडी एकेकाला एक, भाकरी मात्र चार, आणि ती भिजते तर्रीत. गाभोळी लेकरांची, डोकं म्हातारीचं, पोटाची चरबट तुकडी कष्टाला जाणाऱ्याची. जे टाका म्हणून सांगायचं ते नेमकं चवीचं आणि पोट भरणारं. सुखवस्तू माणूस कातडी काढलेली पांढरी तुकडी विकत घेऊन सुटतो. आमच्या वस्तीत ज्यांच्या वाट्याला डोकी आणि कातडं येतं, त्यांना हा सल्ला देणं म्हणजे उपाशी राहा म्हणण्यासारखं आहे.

शेवटी तह झाला. भाचीच्या वाटीतला तवंग पळीनं काढायचा. बाकीच्यांनी आपापल्या जिभेचं बघावं. चिलापीची कातडी निघाली. आतडी आणि काळा पडदा तर निघतच होता. दिव्याला जर्मलच्या पातेल्याऐवजी मडकं पुन्हा चुलीवर आलं, कारण भंगार वितळवून केलेल्या हलक्या जर्मलमधून चिंचेच्या आंबटानं शिसंही सुटू शकतं. मरळ आईनं स्वतः होडीतून नेऊन पाण्यात सोडली. विकली असती तर हजाराच्या आसपास आले असते. पण ती म्हणाली, "नातीला नगं ती दुसऱ्याच्या लेकीला कशी देऊ?"

हे वाक्य मी बाजारात कुणाला सांगितलं नाही. सांगणं सोपं नाही. भिगवणच्या लिलावात पेटी वजनावर जाते, ताजेपणावर जाते, आकारावर जाते. तिच्यावर तपासणीचा कागद लावलेला मी कधी पाहिला नाही. उद्या कुणी नुसतं "उजनीच्या माशात विष" असं बोंबललं, तर भाव पडेल तो मासे धरणाऱ्याचा. ज्यानं पाणी घाण केलं त्याचा एक रुपया जाणार नाही. माझे चुलतभाऊ आजही पहाटे तीनला होडी काढतात. त्यांच्या पोटावर पाय न देता खरं बोलायचं असेल तर मागणी वेगळी करावी लागते. ठराविक काळानं, ठराविक जागचा, जातवार आणि आकारवार मासा सरकारी प्रयोगशाळेत तपासा आणि आकडे मराठीत बाजाराच्या भिंतीवर लावा. कुठला मासा बिनधास्त खा, कुठला महिन्यातून एकदा, कुठला गर्भारणीला नको, हे तिथं लिहा. अमेरिकेत, कॅनडात नद्या-तळ्यांवर अशा सूचना लागतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात मोठी धरणं झाली तेव्हा बुडालेल्या झाडपाल्याच्या कुजण्यानं माशांतला पारा कैक पटींनी वाढला. तिथल्या मासेखाऊ आदिवासींना तो मोजून सांगितला गेला आणि वीस-तीस वर्षांत तो उतरला तेही मोजलं गेलं. मोजलं की भीतीही मापात राहते.

आणि मुख्य काम त्याच्याही वर आहे. सांडपाणी शुद्ध करून मगच नदीत सोडणं, कारखान्याचा धातू कारखान्यातच अडवणं, ट्यूबलायटी आणि बॅटऱ्या ओढ्यात न टाकणं. नदीतून माशात, माशातून मडक्यात आणि मडक्यातून वाटीत येईपर्यंत वाट बघितली तर शेवटची चाळणी उरते ती विळीवर बसलेली बाई. तिच्या हातात राख आहे, मीठ आहे, चिंच आहे. तिनं तिच्या वाटणीचं काम कधीच चुकवलेलं नाही.

भाचीला मुलगी झाली. गेल्या दिवाळीत ती दोन वर्षांची पोर आईच्या शेजारी पाटावर बसली होती आणि पणजी तिला चिलापीचे काटे काढून बारीक घास भरवत होती. काटे काढून झाले तरी आई प्रत्येक घास बोटांत चुरडून दिव्याच्या उजेडात पुन्हा बघायची. काटा सापडतो, असं बघितलं की.